सतरा थेंब, अडीचशे बार

खिशातून रुपयाचं नाणं काढा आणि टेबलावर ठेवा. आता त्या नाण्याएवढ्याच जागेवर पावणेआठ टन वजन ठेवायचंय. म्हणजे दोन थोराड हत्ती, एकावर एक, आणि खाली फक्त नाण्याचा गोल. जमलं? मग पोस्टाचं साधं पोस्टकार्ड घ्या, चौदा सेंटिमीटर बाय नऊ. त्यावर मालगाडी ओढणारं 123 टनांचं विजेचं इंजिन उभं करा, आणि त्याच्या डोक्यावर तसंच दुसरं. पोस्टकार्डाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जवळजवळ दोन टन भार पडतोय. या दाबाला म्हणतात 2000 बार.

एवढा दाब असतो तरी कुठे? समुद्राच्या तळाशी म्हणाल, तर तिथेही नाही. पृथ्वीवरची सगळ्यात खोल जागा म्हणजे पॅसिफिकमधली मरियाना गर्ता, जवळजवळ अकरा किलोमीटर खोल. तिच्या तळाशीही दाब भरतो 1100 बारच्या आत-बाहेर, आपल्या आकड्याच्या निम्म्याहून थोडा जास्त. मात्र कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलला जा. तिथे ओळीनं उभ्या असलेल्या आजकालच्या कुठल्याही मोठ्या ट्रकची केबिन पुढे कलवून आत पाहा. इंजिनाच्या कुशीला हातभर लांबीची एक जाड पोलादी नळी चिकटलेली दिसेल. तिला कॉमन रेल म्हणतात. ट्रक भरल्या वजनानं घाट चढत असताना त्या नळीतल्या डिझेलवर हा दाब असतो. नळीच्या पोटातलं सगळं डिझेल चहाच्या कपात मावेल, आणि दाब मात्र दोन मरियाना गर्तांच्या जवळपास!

दाब मोजायची आपली जुनी पद्धत म्हणजे पाणी. पाण्याचा दहा मीटर उंच खांब तळाशी साधारण एक बार दाब देतो. मग 2000 बारसाठी खांब किती उंच लागेल? वीस किलोमीटर. पन्नास फुटी विहीर पाण्यानं काठोकाठ भरलेली धरा. अशा तेराशेच्या वर विहिरी एकावर एक रचल्या, तर सगळ्यात खालच्या विहिरीच्या तळाशी हा दाब मिळेल. कळसूबाईचं शिखर 1646 मीटरचं, तशी बारा कळसूबाई लागतील. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे साडेचौऱ्याण्णव किलोमीटर लांब आहे. त्याचा पाचवा हिस्सा कापून आभाळात उभा केला आणि पाण्यानं भरला, तरी थोडं कमीच पडेल.

आणि एवढं सगळं असूनही पहाटे चार वाजता ड्रायव्हर चावी फिरवतो, सेल्फ घरघर करतो, घरघर करतो, घरघर करतो, आणि गाडी स्टार्ट होत नाही. बॅटऱ्या ठणठणीत आहेत, सेल्फ जोमात फिरतोय, टाकीत डिझेल आहे. धुराड्यातून धुराची रेघसुद्धा नाही. ही धुराची खूण मिस्त्री सगळ्यात आधी बघतो. पांढरा धूर निघत असला तर डिझेल आत जातंय, नुसतं पेटत नाहीये. धूरच नसला तर डिझेल आत जातच नाही. आपली गाडी दुसऱ्या प्रकारातली. चला, आता या एका न सुरू होणाऱ्या ट्रकमागे लागू आणि वाटेत भेटणारे आकडे मोजत जाऊ.

आकडे डोक्यात बसावेत म्हणून एक सोपा हिशोब करू. एका बारला एक रुपया. टाकीतून डिझेल ओढून घेणारा फीड पंप आपल्या मागच्या पाइपात निर्वात तयार करतो, वातावरणाच्या दाबापेक्षा 0.2 ते 0.3 बार कमी. म्हणजे वीस-तीस पैशांची उधारी. पुढे तोच पंप फिल्टरमधून डिझेल ढकलतो साधारण पाच बारनं. पाच रुपये. मग मोठा पंप, हाय प्रेशर पंप. गाडी स्टार्ट व्हायला रेलमध्ये किमान दोनशे-अडीचशे बार जमा व्हावे लागतात, इंजिनाप्रमाणे आकडा थोडा इकडे-तिकडे. आपण अडीचशे रुपये धरू. आणि भरल्या गाडीनं बोरघाट चढायचा तर दोन हजार रुपये. तीस पैशांपासून दोन हजारांपर्यंत! साडेसहा हजार पटींपेक्षा जास्त वाढ, आणि तीही बंपरपासून टाकीपर्यंतच्या काही मीटरांत.

या चढणीला वर्षंही लागली. रुडॉल्फ डिझेलनं 1897 साली जर्मनीतल्या आउग्सबुर्गला आपलं इंजिन यशस्वी चालवून दाखवलं, तेव्हा इंधन आत ढकलायला त्याला दाबलेल्या हवेचा झोत वापरावा लागला होता. ट्रकमध्ये कॉमन रेल पहिल्यांदा आली 1995 मध्ये, जपानमध्ये, हिनोच्या ट्रकवर डेन्सोची. दोन वर्षांनी मोटारीत आली तेव्हा आकडा होता 1350 बार. 2013 मध्ये डेन्सोनं 2500 बारची रेल आणली. आपल्याकडच्या जुन्या ट्रकांत, यांत्रिक पंपाच्या काळात, नोझल उघडायचं ते दोन-अडीचशे बारला. म्हणजे आपल्या रुपयांच्या हिशोबात आजची गाडी नुसती स्टार्ट व्हायला जेवढे पैसे मागते, तेवढ्यात जुन्या गाडीचं नोझल आपलं काम सुरू करायचं.

आता मुंबईहून पुण्याला जाऊ. अंतर दीडशे किलोमीटर, सहा सिलिंडरचा ट्रक, लिटरला चार किलोमीटर, सरासरी वेग ताशी पन्नास. तीन तास, साडेसदतीस लिटर डिझेल. इंजिन मिनिटाला चौदाशे फेरे घेतंय. दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडरमध्ये एक फवारा, म्हणजे मिनिटाला 4200 फवारे. तीन तासांत साडेसात लाख! आता साडेसदतीस लिटरला साडेसात लाखांनी भागा. उत्तर येतं 0.05 मिलिलिटर. म्हणजे एक थेंब, औषधाच्या ड्रॉपरमधून पडतो तेवढा. मुंबई ते पुणे म्हणजे साडेसात लाख थेंब, आणि एकेक थेंब वेगळा मोजून, वेळेवर, ठरल्या सिलिंडरमध्ये. लिटरला नव्वद रुपये धरले तर एका थेंबाची किंमत अर्ध्या पैशाहूनही कमी. रुपयाला दोनशेवीस थेंब! या थेंबाची किंमत लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

तो थेंब आत कसा जातो? डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या टोकाला सहा ते दहा छिद्रं असतात. आपण आठ धरू. एकेक छिद्र 0.15 मिलिमीटरचं, दोन केस शेजारी शेजारी ठेवले की भरलं. या आठ छिद्रांतून तो एक थेंब एका सेकंदाच्या हजाराव्या भागात बाहेर पडतो. दाब 2000 बारचा असेल तर वेग सेकंदाला सहाशे मीटरच्या घरात जातो. ताशी 2100 किलोमीटर! वंदे भारत ताशी 160 नं धावते, तिच्या तेरा पट. त्या वेगानं तो थेंब मुंबईहून निघाला तर सव्वाचार मिनिटांत पुण्यात. प्रत्यक्षात त्याला जायचं असतं काही सेंटिमीटर, पिस्टनच्या खोबणीपर्यंत, आणि वाटेतच तो फुटून धुक्यासारखा बारीक होतो आणि पेटतो.

आता आयुष्याचा हिशोब. दहा लाख किलोमीटर चाललेलं इंजिन घ्या. अडीच लाख लिटर डिझेल प्यायलंय ते, सव्वादोन कोटी रुपयांचं. रेल्वेच्या एका टँक वॅगनमध्ये साधारण सत्तर हजार लिटर मावतं, म्हणजे साडेतीन वॅगन भरून डिझेल. फवारे किती झाले? पाचशे कोटी. हे पाचशे कोटी थेंब एकामागोमाग ओळीनं मांडले तर रांग होते तेवीस हजार किलोमीटरच्या आसपास, पृथ्वीच्या अर्ध्या फेऱ्याहून जास्त. सहा इंजेक्टर, प्रत्येकाला आठ छिद्रं, एकूण अठ्ठेचाळीस. एकेका छिद्राच्या वाट्याला पाच हजार लिटरांच्या वर. उन्हाळ्यात सोसायटीत पाण्याचा टँकर येतो ना, पाच हजार लिटरचा? तसा एक अख्खा टँकर, दोन केसांच्या जाडीच्या एका छिद्रातून, थेंब-थेंब करून, ध्वनीलाही मागे टाकणाऱ्या वेगानं! आणि छिद्र तेवढंच राहायला हवं. थोडं रुंद झालं तरी मोजमाप बिघडलं.

हा दाब तयार करणाऱ्या पंपाच्या आत एक दट्ट्या असतो, साधारण सात मिलिमीटर जाडीचा. त्याच्या आणि भोवतीच्या भिंतीच्या मध्ये जी फट असते ती दोन-तीन मायक्रॉनची. केसाची जाडी सत्तर मायक्रॉन धरा, म्हणजे त्या फटीच्या वीस-तीस पट. सगळं हजार पटीनं मोठं करून बघू. दट्ट्या होईल सात मीटर रुंद, गावातल्या चांगल्या ऐसपैस विहिरीएवढा. भोवती विहिरीची भिंत. आणि दोघांमधली फट? दोन मिलिमीटर, फार तर तीन. विहिरीत तेवढाच मोठा दगडी खांब वर-खाली होतोय आणि कडेला दोन नाणी शेजारी उभी घालायची म्हटलं तर अडकतील! त्या फटीला वंगण दुसरं काही नाही, डिझेलच. म्हणून डिझेलच्या फिल्टरकडे दुर्लक्ष करणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. पाच मायक्रॉनचा कचरा डोळ्याला दिसत नाही, तरी या फटीच्या दृष्टीनं तो दारात आडवा पडलेला धोंडा असतो.

एवढे मोठे आकडे ऐकले की गाडी स्टार्ट होत नाही म्हटल्यावर मन थेट मोठ्या भागांकडे धावतं. इंजेक्टर गेले असतील, पंप गेला असेल. एक इंजेक्टर वीस-पंचवीस हजारांचा धरला तर सहांचा संच सव्वा ते दीड लाखाचा. पंप वेगळा. मालकाच्या पोटात गोळा येतो. पण आपल्या रुपयांच्या हिशोबात बघा. अडीचशे रुपये जमत नाहीयेत हे खरं, पण उधारी बिघडलीय ती तीस पैशांच्या टोकाला. पहाटे सुरू न होणाऱ्या गाडीचा दोष फार वेळा तिथेच सापडतो.

शेतकऱ्याला हे सांगायची गरज नाही. काठावर बसवलेला पंप विहिरीतून पाणी ओढतो तेव्हा तो खरं तर ओढत नाही, वातावरणाचा दाब पाणी वर ढकलतो. तो दाब एकच बार आहे, म्हणून कितीही जबरदस्त मोटर लावा, दहा मीटरांच्या खालचं पाणी काठावरचा पंप ओढू शकत नाही. प्रत्यक्षात सात मीटरलाच दम लागतो. पाइपाच्या तळाशी फुटव्हॉल्व्ह असतो. त्यात काडी अडकली, की रात्रीतून पाइपातलं पाणी विहिरीत उतरतं आणि सकाळी मोटर नुसती हवा घुसळत बसते. मग पंपात बादलीनं पाणी ओता, हवा काढा, मग ती पाणी उचलते. एकदा उचललं की दिवसभर बिनतक्रार.

ट्रकचं अगदी हेच आहे. फिल्टरच्या बुडाजवळ डिझेल मागे जाऊ न देणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. तो नीट बसत नसला, किंवा टाकीकडून येणाऱ्या पाइपाला केसाएवढी भेग असली, किंवा पाइप जोडणाऱ्या बँजो बोल्टखालचा तांब्याचा वायसर चेपून सपाट झाला असला, की रात्रभरात डिझेल हळूहळू टाकीत उतरतं आणि त्याची जागा हवा घेते. गंमत अशी की या गळतीची जमिनीवर एक थेंबसुद्धा खूण नसते. दाबाच्या बाजूला भेग असली तर डिझेल बाहेर येतं, दिसतं, वास येतो. ओढीच्या बाजूला भेग असली तर हवा आत जाते. बाहेरून पाइप कोरडा ठणठणीत! मिस्त्री बोलीत याला म्हणतात, गाडीनं एअर घेतली.

एअर घेतल्यानं एवढं काय बिघडतं, तेही मोजू. डिझेल दाबलं जाता जात नाही. दाब अडीचशे बार वाढवायला त्याचं आकारमान पावणेदोन टक्क्यांच्या आत-बाहेर कमी करावं लागतं. पंपाच्या एका ठोक्यात एक मिलिलिटर डिझेल धरलं, तर दट्ट्यानं त्यातला साठावा भाग दाबायचा की झालं. त्याच जागी हवा असेल तर? हवा अडीचशे बारला न्यायची तर जवळजवळ सगळीच दाबून चिरडावी लागते, अठ्ठ्याण्णव टक्क्यांपर्यंत. आता त्या एक मिलिलिटर डिझेलमध्ये ज्वारीच्या दाण्याएवढा एक बुडबुडा घाला. त्या एका बुडबुड्याला चिरडायलाच दट्ट्याला डिझेल दाबण्याच्या जवळपास दुप्पट सरकावं लागतं. दोन हजार बारच्या पंपाला ज्वारीचा एक दाणा जड जातो!

आणि हे सगळं घडतं ते पंप सगळ्यात दुबळा असताना. रस्त्यावर इंजिन चौदाशे फेरे घेत असतं. सेल्फ त्याला फिरवतो मिनिटाला दीडशे फेऱ्यांनी, नवव्या भागाहून कमी. म्हणजे पंपाचं उत्पन्नही नवव्या भागावर. त्यासाठीसुद्धा बॅटऱ्यांची दमछाक होते. चोवीस व्होल्टच्या जोडीतून शेकडो अँपिअर वाहतात, आणि घेतलेली वीज पाच हॉर्सपॉवरच्या दोन शेतीपंपांना पुरली असती एवढी असते. म्हणून बहुतेक कंपन्या सांगतात, एका दमात तीस सेकंदांवर सेल्फ मारू नका आणि मध्ये दोन मिनिटं थांबा. थांबत कोणी नाही, ते वेगळं.

या नवव्या भागात एक जुनं कोडं सुटतं. एकदा स्टार्ट झालेली गाडी दिवसभर मस्त धावते, मग सकाळीच का छळते? कारण गळती फेऱ्यांवर अवलंबून नसते. समजा एक इंजेक्टर झिजलाय आणि दर सेकंदाला ठराविक डिझेल परतीच्या पाइपात सोडून देतोय. चौदाशे फेऱ्यांना पंपाचं उत्पन्न इतकं दांडगं की ही चोरी लक्षातही येत नाही. दीडशे फेऱ्यांना मात्र पंप जेवढं कमावतो तेवढं सगळं ती एक गळती खाऊन टाकते. काटा शंभरावर जाऊन अडतो, दीडशेवर जाऊन अडतो, अडीचशे काही होत नाही. आणि गाडीच्या संगणकाला अडीचशे दिसल्याशिवाय तो इंजेक्टर उघडायचा हुकूमच देत नाही. सेल्फ फिरत राहतो, धुराड्यातून काही येत नाही. आपली खूण जुळली!

आता शोध. माझं मत ठाम आहे की तो टाकीपासून सुरू करावा, रेलपासून नाही. तीस पैशांकडून दोन हजारांकडे. पहिलं काम, फिल्टरवरचा हातपंप मारा. तो कडक होईपर्यंत मारल्यावर गाडी एका झटक्यात सुरू झाली, तर मोठा पंप आणि इंजेक्टर बरेचसे निर्दोष सुटले, पाइपात हवा होती. दुसरं, टाकीकडून येणाऱ्या पाइपाच्या जागी हातभर पारदर्शक नळी लावा आणि इंजिन सुरू ठेवून तिच्याकडे बघत बसा. निरोगी गाडीत नळी भरलेली, फिकट पिवळी, जणू काही हलतच नाहीये. आजारी गाडीत आधी एक टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडा सरकत जातो. मग तीन-चार एकत्र. मग काही नाही. वाटतं संपलं. आणि मग एकदम चांगला बोटभर लांब बुडबुडा नळीच्या वरच्या अंगाला चिकटून सावकाश पुढे निघतो. तो बुडबुडा दिसला की मिस्त्रीचा चेहरा बघावा! दीड लाखाचा खर्च त्या नळीतून वाहून जाताना दिसत असतो.

हवा कुठून येते? स्वच्छ डिझेलचा कॅन इंजिनाजवळ ठेवून त्यातूनच गाडी चालवून बघतात. कॅनवर बुडबुडे थांबले तर दोष टाकी आणि फीड पंप यांच्यामधल्या पाइपात किंवा जोडात. नाही थांबले तर पुढे. मग दोन गेज, एक फीड पंपाच्या आधी, एक फिल्टरच्या नंतर. आधीच्या गेजवर उधारी तीस पैशांच्या फार पुढे गेली तर ओढीचा पाइप किंवा आधीची जाळी तुंबलीय, किंवा टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. नंतरच्या गेजवर पाच रुपयांचे दोनच उरले तर फिल्टर बदला. थंडीत डिझेलमधलं मेण गोठूनही फिल्टर असाच तुंबतो. लडाखसाठी 2019 मध्ये इंडियन ऑइलनं उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल काढलं, ते याचसाठी. आपल्या महाराष्ट्रात ती वेळ येत नाही.

हे सगळं नीट निघालं तरच स्कॅनर जोडून, सेल्फ मारताना रेलचा आकडा किती चढतो ते बघायचं, आणि मग बाटल्या. सहा इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या सहा सारख्या बाटल्यांत सोडतात आणि ठराविक वेळ सेल्फ फिरवतात. पाच बाटल्यांच्या बुडाशी बोटभर डिझेल, आणि चौथी बाटली काठाला टेकलेली! मग गुन्हेगार एकच इंजेक्टर, सहा नव्हेत. सव्वा लाखाऐवजी पंचवीस हजार. सगळ्या बाटल्या सारख्या आल्या आणि तरी दाब चढेना, तर रेलच्या टोकाचा प्रेशर लिमिटिंग व्हॉल्व्ह तपासायचा. तो नीट मिटत नसला तर कमावलेला दाब परस्पर टाकीकडे निघून जातो.

एक गोष्ट मात्र कोणीही करू नये. जुन्या गाड्यांत नोझलच्या नळीचा नट सैल करून, सेल्फ मारून एअर काढायची पद्धत होती. कॉमन रेलवर हे म्हणजे जिवाशी खेळ. साताठ बारचा बारीक झोतसुद्धा कातडीत घुसू शकतो, आणि इथे त्याच्या अडीचशे पट दाब उभा असतो. गळती शोधायला कधीही हात फिरवायचा नाही, पुठ्ठा फिरवायचा. आणि हवेच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरून गाडी उठवणं बंद झालं पाहिजे. त्यानं पिस्टन फुटतात, माणसं भाजतात, आणि पाइपातली भेग होती तिथेच राहते.

आता शेवटचा हिशोब. रेल आणि तिला जोडलेल्या पोलादी नळ्या मिळून पन्नास मिलिलिटर डिझेल धरू. रात्रभरात दाब शून्यावर आलाय, पण सगळीकडे डिझेल भरलेलं आहे, हवेचा एक बुडबुडा नाही. अडीचशे बार उभे करायला त्यात वरून किती डिझेल कोंबावं लागेल? पन्नास मिलिलिटरचे पावणेदोन टक्के, म्हणजे एक मिलिलिटरही नाही. थेंबांत मोजा. सतरा! सतरा थेंब जास्तीचे आत गेले की रेलमध्ये अडीच किलोमीटर उंच पाण्याच्या खांबाचा दाब उभा. दीड कळसूबाई! दोन हजार बारलासुद्धा एखादा चमचा भरून डिझेल पुरतं. अट एकच, त्या सतरा थेंबांतला एकही कुठे गळू नये आणि त्यांच्या जागी हवा येऊ नये.

तर मिस्त्रीनं दहा-वीस रुपयांचा तांब्याचा वायसर बदलला, पाइपाचा जोड नवा केला, हातपंप कडक होईस्तोवर मारला. ड्रायव्हर चावी फिरवतो. दोन शेतीपंपांची ताकद घेऊन सेल्फ फिरतो. पहिला फेरा, दुसरा फेरा. पाच थेंब, नऊ थेंब, तेरा थेंब. स्कॅनरवर ऐंशी, एकशेतीस, एकशेनव्वद. सतरावा थेंब आत गेला, दोनशेपन्नास! संगणकाचा हुकूम सुटतो, दोन केसांच्या जाडीची आठ छिद्रं एकदम वाहतात. एवढ्या कमी दाबालाही थेंबाचा वेग ताशी आठशे किलोमीटर, विमानाचा वेग! समोर सतरा पट दाबलेली, पाचशे अंशांवर तापलेली हवा. थेंब पेटतो, चाळीस टनांचा ट्रेलर अंगभर थरथरतो, आणि पहिल्याच मिनिटात अठराशे फवारे उडतात. अडीचशेपर्यंत दाब नेणाऱ्या त्या सतरा थेंबांची किंमत, लिटरला नव्वद रुपयांनी, पावणेआठ पैसे.